पयले पानी, हयद मंग

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीत गावी गेलो होतो, तिथे एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जाईना, म्हणून म्हटलं लिहून टाकावं.

गोष्ट तशी किरकोळ. माझा भाचा (वय वर्षं दहा, पुण्यात जन्मलेला, उतारावर सायकल सोडायचा अनुभव शून्य) गावातल्या उतारावर सायकलसकट आपटला. गुडघा सोलवटला, तळहाताला खडी रुतली. रक्त थोडं आणि आरडाओरडा भरपूर. दोन मिनिटांत ओट्यावर अख्खं घर जमलं आणि सल्ले सुरू झाले. आई म्हणाली, हळद आणा. ताई म्हणाली, डेटॉल कुठाय? शेजारचे एक आजोबा म्हणाले, टिंक्चर लावा, झोंबलं म्हणजे समजायचं लागू पडलं. कुणीतरी कंबरमोडीचा पाला आणायला धावलंसुद्धा. या गोंधळात खाटेवर बसलेली माझी आत्या, वय एकोणऐंशी, एवढंच म्हणाली:

"पयले पानी आना वो कोनी. हयद मंग."

ज्यांना वऱ्हाडी कळत नाही त्यांच्यासाठी: आधी पाणी आणा, हळद नंतर.

हेच वाक्य मी लहानपणी आजीच्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय. ठेच लागली, काटा मोडला, विळ्यानं बोट कापलं, काहीही झालं तरी आजीचं पहिलं वाक्य हेच. चुलीवर पातेलं चढायचं, पाणी उकळायचं, निवायचं, तोपर्यंत आपण भोकाड पसरून बसायचं. मग ती जखम धुवायची. नुसती धुवायची नाही, धूत राहायची. तांब्यामागून तांब्या. शेवटी चिमूटभर हळद, जुन्या धोतराची धुतलेली चिंधी, गाठ. दुसऱ्या दिवशी आबांबरोबर एस.टी.नं मोताळ्याला, धनुर्वाताच्या इंजेक्शनला. गावात इतर आज्या होत्या, त्या काही एवढं करत नसत. आमचीच का असं करते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. यंदा पडला आणि उत्तरही मिळालं. ते पुढे सांगतो.

आमचं गाव म्हणजे रोहिणखेड. बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका. अजिंठ्याचे डोंगर जिथे संपतात त्याच्या अगदी पायथ्याशी. बुलढाण्याकडची मंडळी दुनिया दोन भागांत विभागतात, घाटावरची आणि घाटाखालची, आम्ही घाटाखालचे. या गावाला इतिहास आहे म्हटलं की लोक हसतात, पण आहे! जुन्या गॅझेटियरमध्ये 'रोहणखेड' या नावानं सापडेल. १४३७ साली इथे बहामनी सरदार खलफ हसन, म्हणजे मलिक-उत-तुज्जार, यानं खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला आणि त्याचा पाठलाग करत थेट बुऱ्हाणपूर गाठलं. पुढे १५९० च्या सुमारास निजामशाहीच्या गादीसाठी भांडणाऱ्या बुऱ्हाणनं खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीनं जमालखानाशी लढाई केली, तीही इथेच. जमालखान मारला गेला. त्याच्या बाजूच्या खुदावंदखान महदवीनं १५८२ मध्ये बांधलेली मशीद गावात आहे. लहान आहे पण देखणी.

हे सगळं लिहिलेलं आहे. कोण जिंकलं, कोण पळालं, कोण मेलं. पण या दोन लढायांनंतर जे मेले नाहीत, नुसते जखमी झाले, त्यांचं काय झालं? कुणी धुतल्या त्यांच्या जखमा, कशानं, कुठल्या विहिरीच्या पाण्यानं? एक ओळ नाही. जखम हा इतिहासाचा विषय कधी नव्हताच. राजे आणि सरदार मेले तर नोंद, खरचटलं तर नाही.

वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र जखमेला मोठा मान आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय व्रणांवर आहे. दोषांमुळे झालेला व्रण वेगळा आणि बाहेरून घाव लागून झालेला वेगळा, अशी विभागणी करून व्रणावरचे साठ उपक्रम सांगितलेत. पट्ट्या बांधायचे चौदा प्रकार आहेत, कुठल्या अवयवाला कुठला ते सुद्धा. जखमी माणसाच्या खोलीत धुरी द्यायला सांगितली आहे. आणि अंग धनुष्यासारखं वाकवणारा 'धनुस्तंभ'ही तिथे आहे. म्हणजे रोग ओळखीचा होता. तो मातीतून येतो हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, जगात कुठेही नाही.

हा सुश्रुत आमच्या गावापर्यंत किती पोचला होता कोण जाणे. गावात चालायची ती वेगळीच औषधं. हळद-तेल, हळद-चुना. कापूस जाळून त्याची राख. चुलीतली राख. कंबरमोडीचा पाला चुरगाळून त्याचा रस. (यालाच काही ठिकाणी दगडी पाला म्हणतात, काही ठिकाणी एकदांडी. बांधावर, रस्त्याच्या कडेला, कुठेही उगवतो.) आणि गोठ्यातली माती किंवा शेण.

कंबरमोडीची एक गंमत सांगतो. आमचे आबा म्हणायचे, हे आपल्या वाडवडिलांपासूनचं औषध. मलाही वाटायचं की वेदकाळापासूनच असणार. पण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली! म्हणजे मिरचीसारखीच परदेशातून आलेली. कधीतरी ती इथे रुजली, कुण्या गुराख्यानं हात कापल्यावर ती चोळून पाहिली, रक्त थांबलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि चार-सहा पिढ्यांत ती 'वाडवडिलांची' झाली. मला हे कळल्यावर वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं. म्हणजे आपले लोक नुसतं परंपरेनं चालत नव्हते, नवं काही दिसलं तर करूनही बघत होते.

कापसाचंही तसंच. वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. घरात गंजी लागलेल्या असायच्या. तरी जखमेला लागणारा कापूस औषधाच्या दुकानातून निळ्या कागदात गुंडाळलेला यायचा. लहानपणी मला हा शुद्ध मूर्खपणा वाटे. पुढे कळलं की बोंडातून निघालेल्या कापसावर मेणासारखा थर असतो, तो पाणी शोषतच नाही. क्षारात उकळून तो थर काढला की मगच तो टिपकागदासारखा होतो. घरचा कापूस रक्त टिपत नाही, नुसता चिकटतो, आणि काढताना खपलीसकट निघतो. अनुभव आहे!

आता हळद. हळदीचं नाव काढलं की आपली छाती फुगते, आणि त्याला कारण आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. क्रमांक ५४०१५०४. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. तेव्हा आपल्या सी.एस.आय.आर.चे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. त्यांनी हे पेटंट आव्हान देऊन फेरतपासणीला लावलं आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळदीघाटीची लढाई म्हणून ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोचली.

पण या लढाईत एक बारीक मेख होती, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात, परदेशातले लोक एखादी गोष्ट नुसती वापरतात, त्यांना ती ठाऊक आहे, एवढ्यानं ती 'आधीपासून माहीत' ठरत नसे. ती कुठेतरी छापलेली हवी, किंवा तिचं पेटंट झालेलं हवं. भारतातल्या कोट्यवधी आज्या साक्षीला उभ्या केल्या असत्या तरी उपयोग नव्हता! सी.एस.आय.आर.नं बत्तीस लेखी संदर्भ गोळा केले; काही जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेख. कागद होते म्हणून जिंकलो. त्यातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा मोठा डिजिटल संग्रह करायचं काम सुरू झालं.

आणि आणखी एक. पेटंट रद्द झालं ते 'हे नवीन नाही' म्हणून. हळद जखमेवर सगळ्यात उत्तम आहे असं काही त्या निकालात सिद्ध झालेलं नाही, पण आपण तसंच ऐकलं. हळदीत जंतूंना आणि सुजेला आवर घालणारे गुण प्रयोगशाळेत दिसतात हे खरं. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. सुट्या हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट मिसळतात, बांगलादेशात २०१९ मध्ये त्याचा मोठा गवगवा झाला होता. असली हळद उघड्या जखमेत भरायची का? मी तरी नाही भरणार. आई माझ्यावर रागावेल, पण रागावू दे.

असो. आता आत्याकडे येतो.

भाच्याचा गुडघा धुऊन झाल्यावर मी आत्याला सहज म्हटलं, आजी पण असंच म्हणायची, नाही का? आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुले मायित नाई का?"

मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की बाबांना एक थोरला भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला. त्या काळी घरोघरी एखादं मूल असं गेलेलं असायचंच, कुणी विचारत नसे.

साल १९५२. पेरणीचे दिवस. काका नऊ वर्षांचे, आत्या सहा. गोठ्यात अनवाणी फिरताना काकांच्या टाचेत बाभळीचा काटा गेला. खोल गेला. काढला. थोडं रक्त आलं, ते थांबावं म्हणून आजीनं तिथलीच माती आणि शेण जखमेत दाबून वर चिंधी बांधली. सगळे तेच करायचे. रक्त थांबलं. दोन दिवसांत पोरगं पळायला लागलं. आठवड्यानं एका सकाळी काका म्हणाले की भाकरी चावता येत नाही. आजीला वाटलं दाढ दुखत असेल. संध्याकाळपर्यंत दातखीळ बसली. रात्री अंग ताठ व्हायला लागलं, भांडं पडल्याचा आवाज झाला तरी अंग धनुष्यासारखं वाकायचं. बैलगाडी जुंपून मलकापूरला नेलं. आत्या दारात उभी होती. गाडी तिसऱ्या दिवशी परत आली. एवढंच तिला आठवतं, आणि आजी कितीतरी दिवस गोठ्यात गेली नाही हे.

आजीला कुणी काही बोललं नाही. पण मलकापूरला कुणीतरी तिला विचारलं होतं, जखमेत काय भरलं होतं? तेवढा प्रश्न तिला पुरला.

त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. नंतर पुण्याला आल्यावर मी धनुर्वाताचा इतिहास वाचत बसलो. मातीत या रोगाचे जंतू असतात हे १८८४ मध्ये जर्मनीत निकोलायरनं दाखवलं. १८८९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कितासातोनं ते जंतू वेगळे काढून वाढवले. त्यांचे बीजाणू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात वर्षानुवर्षं टिकतात, साध्या उकळण्यालाही दाद देत नाहीत. हवा नको असते त्यांना. खोल, अरुंद, वरून बंद केलेली जखम म्हणजे त्यांचं घरच. काट्याचं भोक आणि वर शेणमातीचं बूच. यापेक्षा सोयीचं काय असणार?

चिमूटभर माती काय करते याची एक मोठी कथा मुंबईशी जोडलेली आहे. प्लेगच्या साथीत, १८९६ मध्ये, वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. तिथेच त्यांनी प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली स्वतःलाच टोचून घेतली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मालकोवाल गावी मुंबईहून आलेल्या लशीनं १०७ माणसांना टोचलं. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. एकोणीसच्या एकोणीस. ठपका हाफकिन यांच्यावर आला, नोकरी गेली, बदनामी झाली. पुढे बाहेर आलं की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन यांचं नाव निर्दोष व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचंच नाव दिलं, ते तुम्हाला माहीतच आहे.

म्हणजे ज्यांना जंतू ठाऊक होते त्यांच्या कामातही जमिनीवर पडलेला एक चिमटा एकोणीस जीव घेऊन गेला. मग रोहिणखेडच्या, शाळेत न गेलेल्या पंचविशीतल्या बाईला काय म्हणायचं?

धनुर्वाताची लस १९२० च्या दशकात तयार झाली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सगळ्यांना ती दिलेली असल्यानं लाखो जखमींत धनुर्वाताचे रोगी बोटांवर मोजण्याइतके निघाले. म्हणजे १९५२ मध्ये लस जगात होती. रोहिणखेडला नव्हती. भारतात लसीकरणाचा मोठा कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला, १९८५ पासून तो आणखी वाढवला गेला. बाळंतिणींचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं २०१५ मध्ये.

मला सारखं वाटत राहिलं की शेणमातीचं औषध इतकी वर्षं टिकलं कसं. उत्तर सोपं आहे आणि वाईट आहे. बहुतेक वेळा काहीच होत नसे. जखम आपोआप भरायची आणि श्रेय मातीला जायचं. ज्यांचं बरं झालं ते पुढे साठ वर्षं सांगत फिरायचे, "मी लावली होती, काय झालं मला?" ज्यांचं झालं नाही ते सांगायला उरले नाहीत.

आजीनं मात्र आपल्यापुरतं यातून काय काढलं बघा. तिला बीजाणू ठाऊक नव्हते. पण माती आत राहता कामा नये एवढं तिनं पक्कं धरलं, आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. उकळलेल्या पाण्यानं धनुर्वाताचे बीजाणू मरत नव्हते, पण धुण्यानं ते वाहून जात होते. आणि इंजेक्शन मिळायला लागल्यावर तिनं एकालाही सोडलं नाही. मोताळ्याची एस.टी. चुकली तर आबांना बैलगाडी काढायला लावायची. हळद ती शेवटी लावायची ते, मला आता वाटतं, आमच्यासाठी. हळद लागली की रडणं थांबायचं.

भाच्याचं मी काय केलं ते सांगतो, कारण ताईनं फोनवर तीनदा विचारलंय की नक्की काय केलंस. आधी स्वतःचे हात साबणानं धुतले. मग गुडघा आणि तळहात नळाच्या धारेखाली धरले, चांगली पाच-सात मिनिटं. (पिण्यालायक स्वच्छ पाणी असलं की पुरतं, उकळलेलंच पाहिजे असं नाही.) साबण जखमेच्या भोवती लावला, आत नाही. रुतलेली खडी उकळून घेतलेल्या चिमट्यानं काढली. तळहातातून रक्त येत होतं तिथे स्वच्छ रुमाल दहा मिनिटं दाबून धरला, मधेमधे उचलून बघितलं नाही, हे फार महत्त्वाचं. टिंक्चर, स्पिरिट, पेरॉक्साइड काही नाही. ते झोंबतं ते जंतूंइतकंच आपल्या नव्या पेशींनाही झोंबतं. शेजारचे आजोबा नाराज झाले. लहानपणी सगळे लावायचे ते लाल औषध, मर्क्युरोक्रोम, त्यात तर पारा होता!

मग पातळ थर व्हॅसलीनचा आणि वर गॉजची पट्टी. आई म्हणाली, उघडी ठेव, वारा लागला की सुकेल. आपण सगळे हेच ऐकत मोठे झालो. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी ठेवून खपली धरलेल्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगानं भरते. पट्टी रोज बदलायची, ओली किंवा मळकी झाली तर लगेच. लाली पसरली, ठणका वाढला, पू आला, ताप आला तर डॉक्टर. जखम खोल असेल, काटा-खिळ्याची असेल, कुत्रा चावला असेल तर घरी वेळ घालवायचाच नाही. कुत्र्याच्या चाव्याला पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवायचं आणि तडक दवाखाना. भाच्याचं लसीकरणाचं कार्ड ताईनं मोबाइलवरच दाखवलं. शेवटचा डोस होऊन पाच वर्षं व्हायची होती, म्हणून इंजेक्शन लागलं नाही. मातीनं माखलेली जखम असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर घ्यावं लागतं. तुमचं स्वतःचं शेवटचं कधी झालं, आठवतंय का? मला आठवेना, मी परवा जाऊन घेऊन आलो.

भाच्याची पट्टी बांधून झाल्यावर आत्यानं त्याला जवळ बोलावलं आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन बसली. टाच बघत होती. काहीच लागलं नव्हतं टाचेला. तो म्हणाला, "आजी, गुडघ्याला लागलंय, इकडे नाही." ती हो म्हणाली आणि तशीच बसून राहिली.

एक विनंती, हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींना. थोरल्या काकांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. शाळेतला, कुणाच्या लग्नातला, गर्दीत कोपऱ्यात उभे असलेले, कसाही चालेल. मोताळ्याच्या किंवा मलकापूरच्या कुणाकडे जुन्या पेटीत असेल तर स्कॅन करून पाठवा. आत्या म्हणते, दिसायला बाबांसारखाच होता, कान तेवढे मोठे होते.